हद्दीतले शहाणपण

मुलाला एखादी गोष्ट जन्मभर आठवावी असे वाटत असेल, तर ती त्याच्या डोक्यातूनच आत शिरली पाहिजे असा हट्ट धरू नये. आत शिरायला माणसाला दुसऱ्याही बाजू आहेत. हे तत्त्व इंग्लंडातल्या खेड्यांनी शिक्षणशास्त्र जन्माला यायच्या कितीतरी आधी ओळखले होते. वसंतात पाद्रीबुवा, गावचे मानकरी आणि पोरांची टोळी मिळून गावाची शीव फिरत. हद्दीचा दगड आला की एखादे पोर चौघांनी हातपाय धरून उचलायचे आणि त्याचे बूड दगडावर दणकन आपटायचे. ओढा आला की त्यात बुचकळायचे, अंगाला खाज सुटणारे झुडूप आले की त्यात ढकलायचे. मग हातावर एखादे नाणे आणि पावाचा तुकडा ठेवायचा. पुढे पन्नास वर्षांनी दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला, तर तोच पोरगा म्हातारपणी शपथेवर सांगू शके की दगड इथेच होता, बोटभरही इकडे-तिकडे नाही. नकाशाला वाळवी लागते, वहीला उंदीर लागतात. या दफ्तराला काहीच लागत नाही, आणि ते स्वतःच्या पायांनी चालत साक्षीला येते.

असे एक पोर आपण डोळ्यांपुढे धरू. साल १७९०, वय दहा, बाप मेंढपाळ. नावाची गरज नाही. त्याला दगडावर आपटून, पेनी देऊन तूर्त बाजूला बसवू. पुढे लागेल.

या गावाला तिकडे पॅरिश म्हणत. वसईकडचे ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात, तेच. एक चर्च, एक पाद्री आणि त्या घंटेच्या टापूतली वस्ती. फरक इतकाच की इंग्लंडात धर्मग्रामाच्या गळ्यात धर्माबरोबर राज्यकारभाराचे लोढणेही अडकवलेले होते. रस्ते त्याने करायचे, चोर त्याने धरायचे आणि गरीबही त्यानेच पोसायचे. इंग्लंड-वेल्स मिळून अशी सुमारे पंधरा हजार धर्मग्रामे होती. प्रत्येकाने आपले गरीब आपल्याच पट्टीतून पोसावेत, असा १६०१ पासूनचा दंडक होता. अशा कायद्याने गावोगाव दया वाढली असेल, असे भाबड्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात वाढली ती भूगोलाची आवड. भुकेला माणूस दारात उभा राहिला की त्याला भूक किती लागली आहे, हे कोणी विचारत नसे. तो कुठल्या गावचा, एवढेच विचारत.

ते ठरवण्याचे नियमही विचारपूर्वक केलेले होते. बापाचे गाव ते मुलाचे गाव. नवऱ्याचे गाव ते बायकोचे. औरस मूल कुठे जन्मले, कुठे वाढले आणि कुठल्या दगडावर आपटले, याला किंमत नाही. परक्या गावात हक्क मिळवण्याच्या मोजक्या वाटा होत्या. त्यातली गरिबाला परवडणारी वाट म्हणजे अविवाहित असताना तिथे सलग एक वर्ष चाकरी करणे. शरद ऋतूत गडीमाणसांचे बाजार भरत. मेंढपाळ टोपीत लोकरीचा झुबका खोवून उभे राहत, गाडीवान चाबकाची दोरी खोवून. शेतकरी येई, पाही, सौदा करी. अडाणी शेतकरी वर्षाचा गडी ठेवी. शहाणा शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचा ठेवी. बावन्नावा आठवडा आला की गडी मोकळा, गाव मोकळे, आणि त्यानंतर हवे तर तोच गडी पुन्हा एक्कावन्न आठवडे. आठवडाभराचे काम बुडे, पण एक माणूस गावाच्या माथी बसण्यापासून वाचे. वर्षातून एक आठवडा माणसाला कुठलाच नसू द्यायचे, ही युक्ती काढायला साधी बुद्धी पुरत नाही.

खरी कसोटी लागे ती लग्नाआधी पोट वाढलेल्या मुलीची. अनौरस मूल मात्र जिथे जन्मेल त्या गावचे, असा १८३४ पर्यंत नियम होता. त्यामुळे कुठल्याही धर्मग्रामाला आपल्या हद्दीत प्रसूतीची कळ येऊ देणे परवडत नसे. दोन मॅजिस्ट्रेटांचा हुकूम आणायचा, बाईला गाडीत घालायचे आणि कळा सुरू होण्याआधी तिला शिवेपार पोचवायचे. गाव जर थोर विचाराचे असेल तर ते तिचे लग्नच लावून देई. नवरा मात्र परगावचा पाहिजे. परवान्याचा खर्च, अंगठीचा खर्च आणि नवरदेवाचे मन वळेपर्यंत लागलेल्या बिअरचा खर्च, सगळा गावाच्या तिजोरीतून. वऱ्हाड म्हणून गावचे अधिकारी हजर. ‘आय विल’ म्हणताच बाई आणि तिचे पोर, दोघेही कायद्याने शेजारच्या गावचे झाले. एवढ्या निःस्वार्थीपणे परक्या पोरीचे कन्यादान करणारे गाव आपल्या पुराणांतही सापडणार नाही.

काही गावांत सगळी जमीन एकाच धनिकाची असे. तिथे विचार आणखी खोल जाई. गरीब राहतो कशात? झोपडीत. मग झोपडीच पाडली तर? शेतमजुरांची घरे मोडून गाव असे स्वच्छ करून टाकत, की पाहुण्याला वाटावे इथे दारिद्र्य नावाची गोष्टच नाही. मजूर शेजारच्या गर्दीच्या गावात दाटीवाटीने राहत, रोज तीन-चार मैल चालत येऊन या स्वच्छ गावाची शेते नांगरत आणि संध्याकाळी आपले दारिद्र्य बरोबर घेऊन परत जात. हा व्यवहार १८६५ मध्ये बंद पडला. त्या वर्षी पार्लमेंटाने गरिबांचा खर्च अनेक गावांच्या संघावर एकत्र टाकला आणि झोपडी पाडण्यातली सगळी गोडीच गेली.

कारभार करणारी माणसेही तोलामोलाची होती. गरिबांचा ओव्हरसियर, रस्त्यांचा निरीक्षक, कॉन्स्टेबल ही सगळी पदे सामान्यपणे वर्षभराची, बहुधा बिनपगारी आणि आळीपाळीने घराघरांवर येणारी. माणसाला काम समजू लागे तोवर त्याची मुदत संपे आणि ज्याला काहीच समजत नाही असा ताजा गडी येई. अनुभवाने येणारा कोडगेपणा या पद्धतीत कुणालाच आला नाही. रस्तेही असेच. गावकऱ्यांनी वर्षातून सहा दिवस फुकट राबायचे आणि दगड टाकायचे, हा नियम १८३५ पर्यंत चालला. फुकटचे काम माणूस जितक्या मन लावून करतो तितक्याच मन लावून ते रस्ते झाले. त्यांत चाके अशी रुतत की गाडीवानाला दिशा शोधावी लागत नसे. एकदा चाकोरीत चाक पडले की थेट पुढच्या गावालाच निघायचे.

शेतीचे रक्षणही धर्मग्रामाकडेच होते. धान्य वाचावे म्हणून १५६६ मध्ये कायदा झाला आणि तो १८६३ पर्यंत पुस्तकात होता. त्याच्या आधाराने चर्चच्या हिशेबाच्या वहीत एका पानावर देवघरातल्या मेणबत्त्या, तर दुसऱ्या पानावर चिमण्यांच्या मुंडक्यांबद्दल दिलेले पैसे, अशा नोंदी शतकानुशतके होत राहिल्या. चिमण्या डझनाने, कोल्हा नगाने, साळिंदराचा छोटा भाऊ शोभेल असा काटेरी हेजहॉगही नगाने. हेजहॉगवर आरोप असा की तो रात्री बसलेल्या गाईच्या आचळाला तोंड लावून दूध पितो. त्याचे तोंड केवढे आणि आचळ केवढे, हे मोजायला कुणी गोठ्यात गेले नाही. मोजमाप केले असते तर पोरांचा खाऊ बंद झाला असता. चिमणी पिल्लांना चारायला शेतातल्या अळ्या नेते, हाही भाग हिशेबाच्या वहीत बसत नव्हता. वहीत मुंडकी मोजायची सोय होती, न खाल्लेल्या अळ्यांना रकाना नव्हता. एकच अडचण होती. चिमणीच्या मुंडक्यावर तिचे गाव लिहिलेले नसते. तिलाही दोन मॅजिस्ट्रेटांचा दाखला लावायचे कुणाला सुचले कसे नाही, याचे नवल वाटते.

मे १७९५ मध्ये बर्कशायरचे मॅजिस्ट्रेट स्पीनहॅमलंडच्या पेलिकन नावाच्या सराईत जमले. पाव महाग, मजुरी तुटपुंजी, काय करावे? मजुरी वाढवा, असे कुणीही गावंढळ म्हणाला असता. मंडळींनी तसले काही न करता पावाचा तक्ता बांधला. आठ पौंड अकरा औंसांचा पाव एक शिलिंगला असेल तर कष्टाळू गरिबाला आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको-पोरांसाठी दरडोई दीड शिलिंग पडले पाहिजेत. मजुरीतून पडत नसतील तर उरलेले गावाने द्यावेत. पाव एक पेनीने चढला की भत्ताही तक्त्याप्रमाणे चढावा. दक्षिण इंग्लंडात अनेक गावांनी हा तक्ता डोक्यावर घेतला. शेतकऱ्याने पुढचा धडा आपण होऊन गिरवला. गाव भर घालणारच आहे, तर मजुरी द्यायची कशाला? मजुरी जितकी कमी, तितकी गावाची भर जास्त. ती भर ज्या पट्टीतून येई, ती गावातला लोहार, सुतार आणि ज्याच्याकडे एकही गडी नाही असा लहान शेतकरीही भरी. आपल्या गड्याचा पगार शेजाऱ्याच्या खिशातून द्यायचा आणि वर त्याला परोपकार म्हणायचे, हा शोध त्या सराईत लागला.

मग मळणीयंत्र आले. हिवाळ्यात कोठारात काठीला बांधलेल्या दांडक्याने धान्य झोडपणे, हेच मजुराचे तीन-चार महिन्यांचे काम. यंत्राने ते काही दिवसांत उरकले. शेतकऱ्याची मजुरी वाचली. गडी गावाच्या माथी आला, आणि त्याला पोसायची पट्टी शेतकऱ्याच्याच दाराशी आली. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने द्यायचे, मधल्या मध्ये यंत्राची किंमत भरायची, आणि याला प्रगती म्हणायचे. हा हिशेब न समजलेल्या मजुरांनी ऑगस्ट १८३० मध्ये केंटमध्ये पहिले यंत्र फोडले आणि काही महिन्यांत दक्षिणेच्या परगण्यांत शेकडो फुटली. सरकारने १९ जणांना फाशी देऊन आणि सुमारे पाचशे जणांना समुद्रापार हद्दपार करून त्यांना अर्थशास्त्र समजावले. चार वर्षांनी डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावचे सहा मजूर पकडले गेले. मजुरी सात शिलिंगांच्या खाली जाऊ नये म्हणून त्यांनी एकजूट केली होती. एकजूट करणे गुन्हा नव्हता. पण त्यांनी शपथ घेतली होती, आणि आरमारातल्या बंडानंतर १७९७ मध्ये शपथांविरुद्ध केलेला एक कायदा हाताशी होता. समुद्रापासून दूर नांगर धरणाऱ्यांना बंडखोर खलाशांच्या कायद्याने सात वर्षांची ऑस्ट्रेलिया मिळाली. १८३६ मध्ये माफीही मिळाली, म्हणजे कुणी मन कोते म्हणायला नको.

त्याच १८३४ साली पार्लमेंटाला साक्षात्कार झाला की गरिबाला घरबसल्या मदत केल्याने तो बिघडतो. गावांचे संघ बांधून प्रत्येक संघाला एक वर्कहाउस, म्हणजे गरिबांना आत ठेवून राबवायचे घर, दिले. तत्त्व असे की आत येणाऱ्याची स्थिती बाहेरच्या अगदी हलाख मजुराहूनही वाईट असली पाहिजे, म्हणजे खरोखर अडलेलाच आत येईल. म्हणायला सोपे, करायला कर्मकठीण. बाहेरचा मजूर पाव, बटाटे आणि चहाच्या पाण्यावर जगत होता. त्याहून वाईट म्हणजे काय करायचे? शेवटी नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे ठेवण्याचा तोडगा सापडला, आणि भूक न वाढवताही घर मोडता येते हे सिद्ध झाले. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरने याच्याही पुढे मजल मारली. तिथे गरिबांना खतासाठी हाडे कुटायला बसवत. १८४५ मध्ये उघड झाले की माणसे त्या कुजक्या हाडांतला मगज चाटून खातात. देशात गहजब झाला, चौकशी बसली, आणि १८४७ मध्ये वर्कहाउसांचे तीन कमिशनर घरी गेले. वर्कहाउस मात्र जागच्या जागी राहिले. इमारतीचा काय दोष?

या कायद्यामागची विद्या सरे परगण्यातल्या ओकवुड नावाच्या आडगावच्या पाद्रीबुवांची. त्यांचे नाव थॉमस माल्थस. माणसे वाढतात भराभर, अन्न वाढते हळूहळू आणि गावाची मदत गरिबांना आणखी वाढवते, असे त्यांनी १७९८ मध्ये लिहिले. अशी विद्या एका धर्मग्रामाच्या हद्दीत मावणे शक्यच नव्हते. १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना आपल्या कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक नेमले. हेलीबरीच्या त्या कॉलेजात आपल्याकडे येणारे साहेब तयार होत. त्यांच्या शिष्यांपैकी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुढे दख्खनमध्ये जमाबंदीला आले. गुरूंकडून शिकलेला जमिनीच्या खंडाचा सिद्धान्त वहीत अगदी बिनचूक होता. खर्च वजा जाता राहिलेल्या उत्पन्नातले ५५ टक्के सरकारचे. पुण्याच्या बाजूची शेते मात्र हेलीबरीला शिकलेली नव्हती. मोजणी चुकली, आकारणी जड झाली, जमिनी पडीक पडल्या. १८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पाटी पुसून पुन्हा मोजायला घेतले. सरेच्या खेड्यातले शहाणपण भीमाकाठपर्यंत पोचले, याचा आपल्यालाही थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

अशा शहाण्यांच्या देशात मूर्ख कोण होते, हेही सांगितले पाहिजे. मूर्ख होता चाके करणारा सुतार.

याच्या मूर्खपणाचा लेखी पुरावा आहे. सरेमधल्या फार्नहॅमला जॉर्ज स्टर्ट नावाच्या गृहस्थाच्या हाती १८८४ मध्ये वडिलांचा गाड्या-चाकांचा कारखाना आला. स्टर्ट आधी मास्तरकी करत, त्यामुळे त्यांना हिशेब येत होता. त्यांनी वह्या उघडल्या आणि पाहतात तो, मालाचे भाव बापजाद्यांच्या रिवाजाने चाललेले. एखाद्या कामाला नेमका किती खर्च येतो, हे कुणालाच ठाऊक नाही. काही कामे तर चक्क तोट्यात, पण हात कुठे आखडता घेतलेला नाही. चाकाचा तुंबा एल्म लाकडाचा, आरे ओकचे, घेराचे वळणदार तुकडे ॲशचे. ओक करवतीने कापायचा नाही. त्याचे रेषे पाहून फोडायचा, म्हणजे आऱ्यात पूर्ण ताकद राहते. ओले लाकूड लावायचे नाही. ते वर्षानुवर्षे रचून वाळवायचे. आज विकत घेतलेल्या झाडाचे चाक पुढे कधीतरी व्हायचे, तोवर पैसा अडकून. अशा माणसाला ओव्हरसियर करता आला असता का?

धाव चढवायचा दिवस तर पाहण्यासारखा. लोखंडी धाव घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करत. ती जाळात लाल होईस्तोवर तापवायची. मग तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची. लाकूड भक्कन पेट घेई, डोळ्यांत धूर जाई, हातोडे पडत, आणि ती नीट बसली की लगेच झाऱ्यांनी पाणी. वाफेचा लोट उठे आणि आतून एकामागून एक सांधे कडकड वाजत आवळत जात. क्षणभर उशीर झाला तर चाक जळणार, घाई झाली तर धाव तिरकी बसणार. एवढी जोखीम घेऊन त्याचे पैसे मागायचे वर्षाअखेरी, तेही गिऱ्हाईकाला सवड असेल तेव्हा.

त्याहून मोठा मूर्खपणा चाकाच्या आकाराचा. चांगले चाक सपाट नसे. बशीसारखे खोलगट असे, आरे बाहेर झुकलेले. का, असे कुणाला विचारले तर उत्तर नाही. असेच असते, एवढेच. स्टर्टना स्वतःला हे बरीच वर्षे समजले नाही. मग एक दिवस उमगले. घोडा चालताना प्रत्येक पावलाला सारे ओझे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलते. सपाट चाक या धक्क्यांनी हळूहळू बाहेर उलटून मोडेल. बशीसारखे चाक ओझ्याच्या रेट्याविरुद्ध आधीच पाठ देऊन उभे असते. हे ज्ञान त्या सुतारांच्या हातात होते, तोंडात नव्हते. ते कुणाच्या बुडावर आपटून शिकवलेले नव्हते आणि त्याला कुणी तक्ता बांधला नव्हता. गाडी कुठल्या गावची, चाक कुठल्या गावात मोडले, हे त्यांनी कधी विचारले नाही. गिऱ्हाइकाच्या भागातल्या चाकोऱ्या किती रुंद, एवढे तेवढे विचारत. म्हणजे त्यांना हद्दीचा पत्ता नव्हता.

आता बाजूला बसवलेल्या पोराला बोलवू. साल १८४०, वय साठ. पाठ वाकलेली, मळणीचे काम यंत्राने नेलेले, बायको गेलेली. त्याने ओव्हरसियरकडे हात पसरला. ओव्हरसियर यंदाच नेमलेला, जबाबदार माणूस. त्याने कायदा पाहिला. म्हातारा जन्मला इथे, राबला इथे, बायको पुरली इथेच, हे सगळे कबूल. पण राबला नेहमी एक्कावन्न आठवडे. बाप मेंढपाळ, तोही एक्कावन्न आठवड्यांचाच, मूळचा टेकडीपलीकडच्या गावचा. बापाचे गाव ते मुलाचे. हा माणूस कधी न पाहिलेल्या गावचा निघाला. दोन मॅजिस्ट्रेटांनी सह्या केल्या, गाडी आली, म्हाताऱ्याला वर चढवले.

वाट खराब होती. गाडी दर पावलाला झुलत होती, पण चाके काही डगमगली नाहीत. टेकडीजवळ आल्यावर ओव्हरसियरला शंका आली. आपला खर्च नेमका कुठे संपतो, हे त्याला अजून शिकायचे होते. त्याने मागे वळून विचारले, बाबा, शिवेचा दगड कुठेसा येतो हो?

म्हाताऱ्याने गवतात दडलेला दगड बरोबर दाखवला.